चिऱ्यांच्या मापाचे पाटे

आमची वाडी कसालपासून आत, चढावर आहे. डांबर संपलं की घरापर्यंत पाऊण किलोमीटर कच्ची वाट, आणि तिच्या मधोमध उघड्या जांभ्याची एक आडवी पायरी. उंची दीड वीत. रिक्षावाला तिच्याकडे बघून मान हलवतो आणि खालीच थांबतो. अ‍ॅम्ब्युलन्स तर डांबर सोडतच नाही. ती पायरी फोडून काढायला अर्धा दिवस पुरेल, पण ती दोन घरांच्या बरोबर हद्दीवर आहे आणि त्या दोन घरांचं माझ्या लहानपणापासून बोलणं नाही. एकानं घण उचलला की दुसरा कोर्टात जाणार. म्हणून सगळी वाडी ठेचा खात तिच्यावरून ये-जा करते. मीही केली. मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

बायकोच्या किडन्या निकामी झाल्या आणि मग त्या पायरीशिवाय मला दुसरं काही सुचेना. मंगळवार, गुरुवार, शनिवार, असं आठवड्यातून तीनदा तिला कणकवलीला मशीनवर न्यावं लागे. चार तास रक्त बाहेर काढून, धुऊन परत आत घालायचं. मशीनची एक पाळी चुकली की अंगावर सूज, दोन चुकल्या की छातीत पाणी, आणि त्यापुढचं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. सुरुवातीला आम्ही कणकवलीत खोली घेऊन राहिलो. दोन महिन्यांनी तिनं आपली पिशवी भरली. खिडकीतून दुसऱ्याच्या संडासाची भिंत दिसते, ती बघत मला जगायचं नाही, म्हणाली. घरी आल्यावर काही दिवस वाडीतल्यांनी तिला खुर्चीत बसवून खाली नेलं. माणसं चांगली आहेत. पण वाडीत आता सहा घरं उघडी, आणि त्यांतले पुरुष बहुतेक साठीच्या पुढचे. एकाची कंबर धरली, एकाला दम लागला, आणि खुर्ची बंद पडली. राहिली माझी पिकअप.

ही गाडी मी घेतली तेव्हाच जुनी होती. तिनं खाणीवरचे जांभ्याचे चिरे वाहिले, आंब्याच्या पेट्या वाहिल्या, एकदा तर अख्खं लग्नाचं वऱ्हाड वाहिलं. त्या सगळ्यात मागचे पाटे पार सपाट होऊन गेले होते. पाटे म्हणजे मागच्या चाकांपाशी एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान. हौद्यातला सगळा भार तिच्यावर. नव्या पाट्याला चांगला बाक असतो, तो गेला की गाडी खाली बसते. माझी इतकी बसली होती की पायरीवरून जाता-येताना डिझेलची टाकी कातळाला घासायची. एका गुरुवारी टाकी फुटलीच आणि आम्ही कणकवलीला पोचलो नाही. शुक्रवारी सकाळी तिचा चेहरा असा सुजला होता की आरशात बघून तिनं आरसा पालथा ठेवला. त्या दिवशी ठरवलं, गाडी उचलायची. मागं जास्त बाकाचे नवे पाटे घालायचे, पुढच्या चाकांना पाट्यांऐवजी पिळाच्या सळ्या असतात, त्या आवळून पुढची बाजू वर घ्यायची. चार बोटं उंची मिळाली असती तरी टाकी कातळापासून सुटणार होती, आणि टाकी सुटली असती तर तिची मशीनची पाळी चुकणार नव्हती.

मला यातलं कळत नव्हतं असं नाही, हे आधीच सांगून टाकतो. लग्नाआधी सात वर्षं मी गॅरेजात काम केलंय. पाटे करणारा आधी विचारतो, माल काय. माल जड असेल तर पट्ट्या जाड आणि जास्त, हलका असेल तर पातळ आणि कमी. जड मालाचे पाटे रिकाम्या गाडीला घातले तर ते दबतच नाहीत, आणि रस्त्याचा प्रत्येक दणका जसाच्या तसा वर येतो. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी हे सांगितलं असतं.

कसालला हायवेच्या कडेला एक पाटेवाला आहे. वयानं माझ्याहून मोठा, बोलायला कंजूष, पण कामाला एक नंबर. मी गेलो तेव्हा त्याच्या शेडमध्ये तिघं-चौघं ओळखीचे चहा पीत बसले होते. त्यानं भट्टीकडची मान न वळवता विचारलं, "गाडयेत भरतलंस काय?"

"चिरे," मी म्हणालो.

"वर्सभर?"

"वर्सभर."

आमच्याकडे घराबाहेर पडलेल्या माणसाला कुठं चाललास असं सरळ विचारत नाहीत, आणि विचारलंच तर तो सरळ सांगत नाही. ‘हयसर’, म्हणजे इथंच, म्हणतो आणि चालू लागतो, मग तो मुंबईला का जात असेना. कामाचं नाव घेतलं की काम नासतं, अशी समजूत. मी असल्या समजुतींना हसणारा माणूस. पण आजाराचं नाव घेतलं की काय होतं ते मी त्या वर्षात पुरेपूर भोगलं होतं. ‘किडनी’ म्हटलं की समोरच्याचा चेहरा लांब व्हायचा. मग कुणाच्या मेहुण्याला कुठल्या मुळीनं गुण आला, आम्ही देवाला गाऱ्हाणं घातलं की नाही, आमचं कुठं काय चुकलं असेल. आणि तो खालचा आवाज, मयताच्या घरी काढतात तसला. त्या आवाजानं माझं डोकं फिरायचं. त्या दिवशी त्या चौघांपुढं मला घडीभर नुसता गाडीवाला व्हायचं होतं. चिरे म्हटल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि कुठली खाण बंद आणि कुठली चालू यावर बोलणं गेलं. मी चहा घेतला, दोन विनोद केले. तेव्हा मला किती बरं वाटलं ते आठवलं की आता स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पाटे आठ दिवसांत तयार झाले. बसवून द्यायला पाटेवाला तयार होता, पण मी म्हटलं, मीच बसवतो. शनिवारची पाळी झाली की मंगळवार सकाळपर्यंत गाडी मोकळी असे. तेवढ्या वेळात काम उरकायचं होतं.

रविवारी सकाळी घरापुढच्या खळ्यात गाडी घेतली. पुढच्या चाकांना अडणी लावली, मागून जॅकनं चासी उचलली आणि खाली फणसाचे ओंडके दिले. गाडीखाली चिरा कधी देऊ नये. वरून दणकट दिसतो, पण भार आला की मधूनच फुटतो. चाकं काढली, एक्सलखाली दुसरा जॅक दिला. एक्सलला पाटा धरून ठेवणारे यू-बोल्ट खाऱ्या हवेनं इतके गंजले होते की आधीचे दोन दिवस रॉकेल पाजूनही हलेनात. शेवटी कापून काढले. मग पुढच्या टोकाचा बोल्ट, मागच्या टोकाला पाटा जिच्यात झुलतो ती लोखंडी झोळी, आणि जुना पाटा धपकन खाली आला. मधली एक पट्टी तुटलेली निघाली. ती किती दिवस तशी होती कुणास ठाऊक.

बायको पडवीत बसून बघत होती. तिच्या डाव्या हातात मशीनसाठी शीर जोडलेली, त्या हातानं जड उचलायचं नाही. उजव्या हातानं तिनं माझे नट-बोल्ट रॉकेलमध्ये धुऊन दिले. तिची पापडाची ताटली घेतली होती, तिच्यात पुढचे एका कडेला, मागचे दुसऱ्या कडेला असे मांडून ठेवले. कुठला कुठं जातो ते विचारून घेतलं आणि दुपारपर्यंत मला मागायची गरज राहिली नाही. पाणी तिला दिवसाला मोजून मिळायचं. मी घामानं निथळत तांब्याच्या तांब्या ढोसत होतो आणि ती दुसरीकडे बघत होती. मी आडोशाला जाऊन पितो म्हटलं तर रागावली.

नवा पाटा उचलला तेव्हाच मला कळलं. जुन्यापेक्षा दोन पट्ट्या जास्त, आणि प्रत्येक पट्टी जाड. एकट्यानं सरकवताना दंड भरून आले. तरी मी तो बसवला. पुढचं टोक आधी अडकवलं, मागचं झोळीत घेतलं, मधल्या बोल्टचं डोकं एक्सलवरच्या भोकात बरोबर बसवून जॅक हळूहळू वर घेतला. यू-बोल्ट फुलीसारखे, एक इकडचा एक तिकडचा, असे आवळत नेले. टोकांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवल्यावरच पक्के करायचे, नाहीतर आतलं रबर पिळवटून लवकर जातं. शॉक लांब घातले, ब्रेकची नळीही लांब घातली. एकही गोष्ट चुकवली नाही. सोमवारी संध्याकाळी गाडी उतरवली तेव्हा ती अशी ताठ उभी राहिली की शेजारी बघायला आले. बायको त्यांना म्हणाली, "घोवान माका गाडी नाय, माड आणून दिल्यान. आता चढूचा कसा?" सगळे हसले. मी तिच्यासाठी एक लाकडी पाट करून ठेवला.

शेजारी गेल्यावर मी हौद्यात चढून दोन्ही पायांनी उडी मारली. गाडी बोटभरसुद्धा दबली नाही. तिनं विचारलं, झाली का बरी. मी म्हटलं, नवे आहेत, चालून चालून बसतील. पाटे थोडे बसतात हे खरं आहे. किती बसतात तेही मला माहीत होतं.

मंगळवारी जाताना ती पुढं माझ्याशेजारी होती. गाडी पायरीवरून टाकी न घासता उतरली तेव्हा मी स्टेअरिंगवर थाप मारली. दणका बसला, तिनं दात आवळले, पण जाताना ते चालून गेलं. खरा प्रश्न येतानाचा. मशीनवरून उठल्यावर तिचा रक्तदाब उतरायचा, चक्कर यायची, बसवत नसे. म्हणून येताना मी तिला हौद्यात काथ्याच्या गादीवर निजवून आणत असे. म्हणजे बरोबर एक्सलच्या वर. जुन्या मोडक्या पाट्यांवर ती निदान झोप काढायची. नव्या पाट्यांवर पहिल्याच दिवशी ती गादीवरून इतकी उडाली की घरी आल्यावर तिनं दोन्ही हातांनी हौद्याची कड धरलेली होती, आणि बोटं सुटेनात. तिचं वजन बेचाळीस किलो. पाटे दीड टनाचे.

मग मी चिरे भरले. हसू नका, गाडी मऊ करायला दुसरा उपाय नसतो. गादीच्या दोन्ही बाजूंना साठ चिरे रचले. गाडी होडीसारखी चालायला लागली, बायको खरंच झोपली. आणि पायरीवर टाकी कातळाला लागली. दहा चिरे उतरवले, तरी लागली. आणखी दहा उतरवले, टाकी सुटली आणि ती परत उडायला लागली. पंचेचाळीस करून बघितले, त्रेचाळीस करून बघितले, चिरे पुढं सारले, मागं सारले. तीन आठवडे मी हाच खेळ केला. टाकीही सुटेल आणि तीही झोपेल असा आकडा नव्हताच. कधी कधी चिरा सरकून तिच्या पायाला लागायचा आणि ती पाय ओढून घ्यायची.

पाटेवाल्याकडे जाऊन खरं सांगितलं असतं तर त्यानं मऊ पट्ट्यांचे, लांब बाकाचे दुसरे पाटे करून दिले असते. फार तर आठ दिवस लागले असते. मी त्या तीन आठवड्यांत त्याच्या शेडवरून नऊ वेळा जाऊन नऊ वेळा आलो. दर वेळी आत तेच लोक बसलेले दिसायचे. मी खोटं बोललो होतो हे त्यांच्यापुढं कबूल करायचं, आणि मग तो मयताच्या घरचा आवाज ऐकायचा. पुढच्या खेपेला जाऊ, असं म्हणत मी गिअर टाकायचो.

चौथ्या आठवड्यातल्या शनिवारी दुपारी परत येत होतो. चिरे त्या दिवशी नव्हते, कंटाळून सगळे उतरवले होते. पायरी अगदी सावकाश घेतली. टाकी सुटली. मागचं चाक पायरीवर चढून पलीकडे आपटलं आणि मागून एक बारीक आवाज आला, पाय चिरडल्यावर मांजर करतं तसा. थांबून मागं गेलो. ती पदर तोंडात धरून वर बघत होती. घरी तिला उचलताना ती जोरात ओरडली, आजारात पहिल्यांदाच.

मणक्याची दोन हाडं चेपली होती. या आजारात हाडं आतून पोकळ होतात, साध्या हिसक्यानंही जातात, असं डॉक्टर म्हणाले. कुणी काही चूक केली असं त्यांनी म्हटलं नाही. मी विचारलंही नाही. सपाट झोपवूनच न्या-आणा, म्हणाले. खालच्या वाडीतली चार माणसं कामं टाकून आली आणि तिला फळीवर बांधून डांबरावरच्या अ‍ॅम्ब्युलन्सपर्यंत दोनदा खाली नेलं, दोनदा वर आणलं. दुसऱ्यांदा येताना चढावर एकाचा पाय घसरला. त्या संध्याकाळी तिनं मला जवळ बोलावलं आणि आता पुरे, म्हणाली. मी भांडलो. कणकवलीत परत खोली घेऊ म्हटलं, हॉस्पिटलातच राहू म्हटलं, मुंबईच्या मुलीला फोनवर घेऊन आईपुढं रडायला लावलं. तिनं मुलीला यायला सांगितलं आणि मला सांगितलं की शनिवारी माणसं बोलावू नका. मशीनवाचून किती दिवस, ते मला माहीत होतं आणि तिलाही.

बातमी कसालला पोचली. तिसऱ्या दिवशी पाटेवाला भेटायला आला, हातात केळ्यांची फणी आणि दोन शहाळी. किडनीच्या आजारात दोन्ही विषासारखी, पण त्याला कसं कळणार. खळ्यात उभ्या असलेल्या गाडीकडे त्यानं जाता जाता बघितलं, खाली वाकला, पाट्यांवर हात फिरवला. मग आत येऊन तिच्या खाटेजवळ बसला. तिला कशी नेत होतो ते त्यानं विचारलं आणि मी सांगितलं.

"चिरे म्हणालंस तू. आजारी माणूस नेवचा आसा म्हणान आधी सांगूक व्हया होता रे," तो म्हणाला. "येगळे पाटे घातले असते."

खाटेवरून तीच बोलली, हळू पण स्पष्ट.

"तेंका चिरेच आणूचे होते. पडवी वाढवूची होती. मी मदीच आजारी पडलंय, तेंचो काय दोस?"

पडवी वाढवायचा विषय आमच्या घरात कधी निघाला नव्हता. पाटेवाल्यानं मान हलवली. त्याला पटलं की नाही मला माहीत नाही, पण तो उठून जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. मी त्याला वाटेपर्यंत सोडायला गेलो नाही. शहाळी तशीच खाटेखाली होती.

तो गेल्यावर तिनं माझ्याकडे तोंड केलं. रागानं नाही. तिला खरंच कळून घ्यायचं होतं.

"माझा नाव घेवक तुमका लाज वाटली?"

"नाय गो," मी म्हणालो.

ती हूं म्हणाली आणि डोळे मिटले. मी तिची लाज धरली नव्हती, हे खरं आहे. पण त्या शेडमध्ये घडीभर मला आजारी बायको नसलेला माणूस व्हायचं होतं, आणि मी झालो होतो, आणि मला ते आवडलं होतं. हे सगळं सांगायला मोठा धीर लागत नाही. बायको समोर असते, खोलीत तिसरं कुणी नसतं, वेळ असतो. मी उठलो आणि तिच्या उशाखालची चादर सारखी केली.

त्यानंतर ती नऊ दिवस होती. मुलगी आली, शेजारणी येऊन बसल्या. सुजेनं तिचे डोळे बारीक झाले, पण जाग असेपर्यंत ती सगळ्यांशी बोलली. माझ्याशीही बोलली, काजू कुणाला द्यायचे, गाईच्या औषधाची बाटली कुठं आहे. तो प्रश्न तिनं पुन्हा विचारला नाही. मी रोज खाटेशी बसून वाट बघत होतो. विचारला असता तर या खेपेला मी खरं सांगणार होतो.